बीम संप

मार्चमधली दुपार होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या ज्या टॉवेल कारखान्याचं काम मी घेतलं होतं, तिथल्या मालकांचा फोन आला. आवाज खाली आणून, कुणी ऐकत तर नाही ना अशा बेतानं ते म्हणाले, "अहो, १७ नंबरवर संप कुणी पुकारलाय?"

एकट्या मागावर संप कसा होईल, मला कळेना. मग त्यांनी ऑफिसातल्या मॉनिटरचा फोटो पाठवला. कुठला माग चालू, कुठला बंद ते दाखवणारा हा प्रोग्राम माझाच. पडद्यावर ४८ मागांची ४८ कार्डं, म्हणजे चौकोन, सगळी मीच काढलेली. १७ नंबरचं कार्ड लाल झालेलं आणि त्यावर ठळक अक्षरांत: बीम संप.

पुढचा 'ला' कार्डाच्या कडेला कापला गेला होता. ताण्याचं सूत ज्यावर गुंडाळलेलं असतं तो बीम रिकामा झालाय, नवा चढवा, एवढाच निरोप. पण सोलापुरात 'संप' हा शब्द कुणी सहज वाचून पुढे जात नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिला गाव अजून 'जुनी गिरणी' म्हणतं. १९३० च्या मे महिन्यात या गावात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला स्वातंत्र्यलढ्यातल्या चौघांना फाशी झाली. रोज त्या चौघांच्या चार पुतळ्यांवरून जाणाऱ्या माणसाला लाल रंगात 'संप' दाखवला तर तो फोन करणारच. मी फोनवर हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही, कारण चूक माझीच होती.

पहिल्यांदा हे पडदे मी इंग्रजीत केले, तेव्हा कार्डावर 'रनिंग' किंवा 'स्टॉप' एवढंच यायचं. त्याला १६० रुंदी भरपूर वाटली, म्हणून तो आकडा मी सरळ कार्डावरच लिहून टाकला. मी ज्यात पडदे काढतो त्या मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफमध्ये असे आकडे इंचाच्या ९६ व्या भागांत मोजतात. म्हणजे पावणेदोन इंचांना थोडी कमी. पुढे मालक म्हणाले, मराठी करा, मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरला लांबून वाचता आलं पाहिजे. मी शब्द बदलले. रुंदी तीच राहिली.

जॉबर म्हणजे अण्णा. साठीकडे झुकलेले, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, राग आला की दोन्ही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते दोन मागांच्या मधल्या बोळात उभे होते. सगळे माग चालू असले की तिथं बोलणं म्हणजे ओरडणं.

"काय झालं होतं ओ काल?"

"काही नाही अण्णा, सायझिंगमध्ये घोळ झाला."

अण्णा थबकले. "कुठल्या बीमला? खळ कमी लागली काय?"

सोलापुरात सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावणं, धागा मागावर घासून तुटू नये म्हणून. माझं सायझिंग निराळं. पॅनेल नावाच्या एका न दिसणाऱ्या चौकटीत ज्या वस्तू ठेवतात, त्यातल्या कुणाला किती जागा मिळणार ते ठरवणं. "पोरांचं सायझिंग," मी ओरडून सांगितलं, कारण आमच्या धंद्यात पॅनेलच्या पोटातल्या वस्तूला चाइल्ड म्हणतात. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय चहाकडे नेला.

डब्ल्यूपीएफ २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर आलं. जुनं झालं म्हणून त्याला नाक मुरडणारे पुष्कळ. पण कारखान्यांतल्या विंडोजच्या संगणकांवर ते अजून मुकाट चालतं, आणि त्याची जागा वाटायची रीत मला अजून आवडते. रीत दोन फेऱ्यांची आहे. पहिली मोजणीची, मेझर. पॅनेल एकेका लेकराला विचारतं, "एवढी जागा आहे, तुला किती लागेल?" लेकरू आपला हिशोब करून आकडा सांगतं; तो त्याच्या डिझायर्डसाइझमध्ये राहतो. सगळ्यांचं ऐकून झालं की पॅनेल आपली मागणी वर, स्वतःच्या पालकाला कळवतं. वरून निकाल आला की दुसरी फेरी मांडणीची, अरेंज: "ही तुझी चौकट, इथून इथपर्यंत." या फेरीत एखाद्याला विसरलात तर ते लेकरू पडद्यावर येतच नाही. स्वतःचं पॅनेल लिहायचं म्हणजे मेझरओव्हरराइड आणि अरेंजओव्हरराइड अशा दोन जागा आपण भरायच्या. बाकीचं घर आधीच बांधलेलं असतं.

आमच्या घरी पहिली फेरी संध्याकाळी सातला व्हायची. "भाकरी किती टाकू?"

वडील यंत्रमागावर होते. मंदी आली की पाळ्या कमी व्हायच्या आणि पिठाच्या डब्याचा तळ लवकर वाजायला लागायचा. आई परात पुढ्यात घेऊन एकेकाला विचारायची. मी "अडीच" म्हणायचो आणि तीन खायचो. वडील "बघ तू" म्हणायचे, हे काही उत्तर नव्हे. दादा आधी डब्याकडे बघायचा, मग म्हणायचा, "दीड."

दादाकडे परत येतो. आधी माझे घोळ सांगून टाकतो.

पहिला इलाज सोपा वाटला. अक्षरं मावत नाहीत ना, तर ओळ मोडू दे. मजकुराला 'रॅप' लावलं, प्रोग्राम चालवला, काही फरक नाही. ओळ एकच, सरळ, कडेपलीकडे. कार्डात डावीकडे दिव्याचा ठिपका आणि उजवीकडे मजकूर, असे दोघे मी आडव्या स्टॅकपॅनेलमध्ये ठेवले होते. आणि स्टॅकपॅनेलचा स्वभाव असा की ज्या दिशेनं ते रांग लावतं, त्या दिशेची जागा लेकराला 'अमर्याद' म्हणून सांगतं. अक्षरशः अनंत, इन्फिनिटी. अनंत जागा मिळालेला मजकूर ओळ कशाला मोडेल? गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर सोडलेलं पोर जसं हात धरून चालत नाही, तसं. हा घोळ जवळजवळ प्रत्येक डब्ल्यूपीएफवाल्यानं एकदा तरी केलेला असतो, आणि प्रत्येकाला तो मजकुराचा दोष वाटलेला असतो.

मग कार्डातलं स्टॅकपॅनेल काढलं आणि ठरवलं, आपलं पॅनेलच लिहू. मालकांना आणखी एक गोष्ट हवी होती. पडद्यावरची मांडणी शेडसारखीच दिसावी, ६ ओळी, ओळीत ८ माग. आणि जो माग बंद पडेल त्याचं कार्ड मोठं व्हावं, शेजारच्यांनी थोडं सरकावं. तयार पॅनेलांपैकी युनिफॉर्मग्रिड सगळ्यांना सारखी जागा वाटतं. सारखं वाटणं सोपं असतं. इथं तसं चालणार नव्हतं.

माझ्या पॅनेलनं पहिल्या आवृत्तीत काय केलं, तर प्रत्येक कार्डाची रुंदी स्वतः हिशोब करून त्याच्या विड्थमध्ये लिहून टाकली. तुम्ही म्हणाल, मग चुकलं काय? चुकलं असं की विड्थ ही लेकराची स्वतःची गोष्ट आहे. त्यात आपण हातानं आकडा लिहिला की स्टाइलच्या ट्रिगरनं, म्हणजे अमुक झालं की दिसणं बदलणाऱ्या नियमानं, पुढे काहीही सांगितलं तरी कार्ड ऐकत नाही, कारण हातानं लिहिलेला आकडा ट्रिगरपेक्षा वरचढ ठरतो. धोक्याच्या वेळी कार्ड रुंद करणारा ट्रिगर मीच लिहिला होता, तो त्या दिवसापासून मुका झाला. कहर म्हणजे हे काम मी एकदा मांडणीच्या फेरीत केलं, आणि तेही आधीच्या रुंदीत मार्जिन मिळवून. रुंदी बदलली की लेकराची मोजणी रद्द, त्याची मागणी बदलली की पॅनेलची मोजणी रद्द, पुन्हा मांडणी, पुन्हा थोडी वाढ. कार्डं डोळ्यादेखत फुगत गेली आणि संगणकाचा पंखा घुमायला लागला. शेडमध्ये पारा चढलेला, अण्णा मागून म्हणाले, "याला पण पाणी पाजा थोडं."

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली. लेकराचा आकार हाती ठेवायचा असेल तर त्याच्या अंगावर आकडा लिहायचा नसतो. विचारताना आपण 'एवढी जागा आहे' म्हणून जो आकडा सांगतो, तो नीट निवडायचा असतो. सगळी सत्ता त्या प्रश्नात आहे.

हे कळूनही मी पुढच्या आठवड्यात दुसरा संप घडवला.

झालं असं, की मी उदार झालो. मोजणीच्या फेरीत प्रत्येक कार्डाला अनंत जागा सांगितली, म्हटलं मोकळेपणानं सांगू देत. आणि मांडणीच्या फेरीत मात्र पडद्याची १३६६ रुंदी वाटून जेवढी वाट्याला येईल तेवढीच चौकट दिली. मला वाटलं, चौकट अरुंद दिसली की मजकूर आपोआप ओळ मोडेल. नाही मोडत. मोजणीत सांगितलेल्या आकारापेक्षा कमी चौकट मिळाली तर डब्ल्यूपीएफ त्या लेकराला त्याच्या मूळ आकारातच मांडतं आणि चौकटीबाहेरचा भाग कापून टाकतं. अनंत जागेत मोजलेला मजकूर एका ओळीचा. तो एका ओळीचाच राहिला. ३१ नंबरवर पुन्हा 'बीम संप'. मालकांनी या वेळी फोन केला नाही, नुसता फोटो पाठवला, खाली हात जोडल्याची खूण.

लहानपणी आमच्या खोलीत रात्री अंथरुणं पडायची तेव्हा हे मी पाहिलेलं होतं. गड्ड्याला पाहुणे आले की आई दुपारीच म्हणायची, "या की, जागा काय, होईल." आणि रात्री दोघांत एक चादर. चादर सोलापुरी, जाड, जेकार्डवर विणलेली, मोरांची. पण दोघांत एकच. पाय बाहेर राहायचे. कुणी कुणाला फसवलेलं नसायचं. फक्त दुपारी दिलेला शब्द आणि रात्री घातलेलं अंथरूण वेगळं असायचं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण पाय पसरणाऱ्याला सांगितलेली आहे. अंथरूण घालणाऱ्यासाठी आपल्याकडे म्हण नाही, हे मला त्या पॅनेलच्या नादात पहिल्यांदा जाणवलं.

(जेकार्डचं नाव निघालंच आहे तर: १८०४ चा जेकार्डचा माग, भोकं पाडलेली कार्डं, त्यातून पुढे संगणक, हे सगळं खरं आहे. सोलापुरात संगणकावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा ते सांगतो. मी सोडून देतो.)

इलाज एका ओळीचा होता. मांडताना जी रुंदी देणार, तीच मोजताना सांगायची. उंची मोकळी सोडायची, रुंदी पक्की. मग मजकूर त्या रुंदीत ओळी मोडतो, त्याची खरी उंची कळते, ओळीतल्या सगळ्यात उंच कार्डाएवढी त्या ओळीची उंची धरायची. एकाच लेकराला दोनदा मोजलं तरी हरकत नसते, शेवटच्या मोजणीचं उत्तर ग्राह्य. फक्त पॅनेलात पॅनेल, त्यात पॅनेल, आणि प्रत्येक जण दोनदा विचारणारा, असं झालं की सगळ्यात आतल्या लेकराला चारदा, आठदा, सोळादा सांगावं लागतं. ते बिचारं दर वेळी प्रामाणिकपणे हिशोब करतं आणि पडदा अडखळतो.

तरी अक्षरं कडेला चिकटत होती. मी अण्णांच्या टेबलावर कागद घेऊन आकडेमोड करत बसलो होतो, ते टॉवेलच्या थप्प्या मोजत होते. मी मागावरच्या फणीतल्या आणि उतरलेल्या कापडाच्या रुंदीबद्दल विचारलं, "अण्णा, फणीत पन्हा आणि घडीत पन्हा सारखाच का हो?"

"सारखा कसा असेल? मागावरून उतरलं की कापड आत येतंय की. फणीत जास्त धरायचं. टॉवेल तर धुतल्यावर अजून येतोय."

माझ्या कार्डाचंही तसंच. पॅनेल २०० देतं, पण कार्डाला दोन्ही बाजूंनी ८ चं मार्जिन असेल तर आत १८४ च पोचतात. परत मागणी सांगताना कार्ड मार्जिन धरूनच सांगतं. हा व्यवहार डब्ल्यूपीएफच सांभाळतं, पॅनेलनं त्यात हात घालायचा नसतो. मी शहाणपणानं मार्जिन स्वतः वजा करत होतो, म्हणजे ते दोनदा वजा होत होतं. फणीत धरलेला पन्हा पुन्हा घडीतून कापल्यासारखं.

आता दादा.

बंद मागाला दोन वाटे, चालूला एक, असं मी ठरवलं होतं. ओळीत एक माग बंद असला की एकूण ९ वाटे. १३६६ भागिले ९, म्हणजे चालू कार्डाला १५१.७८ आणि बंदला ३०३.५६. 'बीम संपला' ऐसपैस. (असे अपूर्णांक आले की कार्डांच्या रेषा धुरकट दिसतात, लेआउट राउंडिंग लावलं की त्या नेमक्या ठिपक्यावर बसतात.) एका दुपारी एका ओळीतले ५ माग एकदम बंद पडले. वाटे झाले १३, चालू कार्डाच्या वाट्याला १०५.०८. चालू कार्डाची किमान रुंदी मी १२० ठेवली होती, त्याखाली मागाचा नंबर आणि ठिपका एकत्र बसत नाहीत. नंबर कापले गेले.

पॅनेलला हे कळायला हवं होतं. मी विचारलं होतं, "१०५ आहेत, किती लागतील?" कार्डाला आतून १२० लागत होते. पण दिलेल्या जागेपेक्षा जास्त मागणी डब्ल्यूपीएफ वर जाऊच देत नाही. उत्तर छाटून देतं. कार्डाचा डिझायर्डसाइझ आला १०५. मी आकडे छापून बघत होतो आणि सगळे आलबेल दिसत होते. जेवढी आहे तेवढीच लागते, असं प्रत्येक जण सांगत होता.

रात्री अकराला त्या १०५ कडे बघत असताना मला दादाचं "दीड" ऐकू आलं.

डबा बघून उत्तर देणाऱ्याला डबा दाखवून विचारून उपयोग नसतो. आईला हे माहीत होतं. ती दादाला विचारायची जरूर, पण टाकायची तीन. तिला आकडा कुठून मिळाला होता? मामाच्या शेतावरून. हिवाळ्यात आम्ही अक्कलकोटकडच्या त्या मळ्यात हुरड्याला जायचो. तिथं थापलेल्या भाकऱ्यांची चवड संपायची नाही, शेंगाचटणीचा ताट भरून ढीग, वर दही. तिथं दादा हुरडा खाऊन वर तीन भाकरी खायचा. आई बोलायची नाही, नुसती बघायची. एकदा अमर्याद जागेत मोजून ठेवलं की घरच्या डब्यापुढे तो काय म्हणतो याला महत्त्व उरत नाही. त्या तीन पुरवायला ती स्वतःच्या वाट्यातून काय कमी करत होती, ते मला फार उशिरा कळलं. तिला "तुला किती?" असं विचारणारी फेरी आमच्या घरात नव्हतीच.

पॅनेल मी त्या रात्री बदललं. आधी प्रत्येक कार्डाची किमान रुंदी त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. मग वाटे पाडायचे. ज्याच्या वाट्याला किमानपेक्षा कमी येतंय त्याला त्याचं किमान देऊन हिशोबातून बाजूला बसवायचं आणि उरलेलं बाकीच्यांत पुन्हा वाटायचं. नव्या वाटणीत आणखी कुणी खाली गेलं तर पुन्हा. त्या ओळीत ३ चालू कार्डांना १२० प्रमाणे ३६० दिले, उरले १००६, पाच बंद कार्डांना २०१.२ प्रत्येकी. त्यात 'बीम संपला' बसतं. 'बाण्याचा धागा तुटला' दोन ओळींत बसतं. सगळ्यांचे किमान मिळूनच १३६६ च्या वर गेले तर काय, हा प्रश्न राहतो. तिथं मी स्क्रोलबार दिला आणि झोपलो. गणितात नसलेली जागा पॅनेलनं आणायची कुठून?

सकाळी वाटलं जिंकलो. माग बंद झाला, कार्ड लाल झालं, पण मोठं होईना. खिडकी जरा ओढली की लगेच मोठं व्हायचं. वाट्याचा आकडा मी अटॅच्ड प्रॉपर्टी म्हणून कार्डाला चिकटवला होता. तो बदलला की कार्डाचं नव्हे, त्याच्या पालकाचं मोजमाप पुन्हा व्हायला हवं. त्यासाठी नोंदणी करतानाच 'अफेक्ट्स पेरेंट मेझर' अशी खूण करावी लागते. ती राहिली होती. लेकराची गरज बदलली, घरात कुणी सांगितलं नाही, म्हणून जुनाच हिशोब चालू. हे मात्र पाच मिनिटांत निस्तरलं.

दिवाळीनंतर मालकांनी ऑफिसातला मॉनिटर काढून शेडच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, १९२० रुंदीचा. मी धास्तावूनच गेलो. काही करावं लागलं नाही. कार्डं आपापली पसरली होती, एक बंद माग असलेल्या ओळीत बंद कार्डाला आता ४२६ पेक्षा जास्त मिळत होते. मी टीव्हीसमोर उभा राहून दूरवरून, जवळून, तिरका होऊन बघत राहिलो. ओळी बरोबर मोडत होत्या. 'ला' जागेवर होता.

अण्णा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनीही वर पाहिलं.

"छान दिसतंय ओ," ते कानाशी ओरडले. "पण २२ चा बीम संपलाय, दिसत नाही काय? सरका."

मी सरकलो. दोन पोरं नवा बीम ढकलत आणत होती आणि बोळात जागा तेवढीच होती.